नाताळचा निवडुंग का रुसतो?

निवडुंग म्हटला की वाळवंट डोळ्यांपुढे येते. पण नाताळच्या सुमारास गुलाबी फुलांनी डवरणाऱ्या ‘ख्रिसमस कॅक्टस’चे मूळ कूळ आग्नेय ब्राझीलच्या दमट डोंगररानांतले. तेथे तो झाडांच्या फांद्यांवर, साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतो. म्हणून मातीचा वरचा इंचभर थर बोटाला कोरडा लागला की भरपूर पाणी घाला. मात्र बशीत उतरलेले ओतून टाका. फांदीवर पाणी तुंबत नाही. कुंडीत तुंबले, तर मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात.

इतके करूनही माझ्या झाडाला दोन वर्षे कळी आली नाही. दोष पाण्याचा नव्हता, माझ्या टेबलावरील दिव्याचा होता! त्याच्याशेजारी बसून मी रात्री उशिरापर्यंत उत्तरपत्रिका तपासत असे. कळ्या धरण्यासाठी या झाडाला थोडी थंड हवा आणि रोज १३-१४ तास सलग अंधार लागतो. त्याच्या चपट्या पेरांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य तांबडा प्रकाश शोषून रूप बदलते. मध्येच दिवा लागला की झाडाच्या लेखी रात्र तुटते. ऑक्टोबरपासून सहा आठवडे संध्याकाळी ५ ते सकाळी ७ त्यावर खोके उपडे घालून पाहा. दिवसा मात्र उजेड हवाच.

ब्राझीलमध्ये याला ‘मे महिन्याचे फूल’ म्हणतात. दक्षिण गोलार्धात रात्री तेव्हा वाढत असतात!