ट्रॅक्टर आपला, किल्ली कंपनीची!

ट्रॅक्टर बंद पडला की गावचा मिस्त्री पाने घेऊन येतो, अन् चहा होईस्तोवर इंजिन चालू! अमेरिकेत जॉन डीयरच्या मोठ्या यंत्रांत संगणक बसला आणि हेच काम अडले. कंपनीचे सॉफ्टवेअर जोडल्याशिवाय पुष्कळ दोष उमगेनात. काही सुटे भाग नवे घातले तरी डीलरने संगणकावरून मान्यता दिल्याखेरीज चालेनात. ऐन सुगीत डीलरची वाट बघत बसायचे!

तिथले शेतकरी गप्प बसले नाहीत. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून दुरुस्तीची माहिती, भाग आणि सॉफ्टवेअर मालकाला व बाहेरच्या मिस्त्रीलाही देणे कंपन्यांना भाग पडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने डीयरवर दावाही लावला.

आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि बऱ्याच मॉडेलांत डिझेल सोडण्याचे काम संगणकाकडे गेले. यंत्र वाईट नाही, डिझेल मोजून सोडते. पण घेताना रंग अन् हप्ता बघता, तसे एवढेही विचारा : दोष दाखवणारे यंत्र डीलरखेरीज तालुक्यात कोणाकडे आहे? उत्तर कोटेशनवरच लिहून घ्या.