जाळायचं, पण अर्धंच

पनवेलच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या कुणाही प्रवाशाकडे नीट बघा. शर्टात पॉलिएस्टर आहे. हातातली पाण्याची बाटलीसुद्धा पॉलिएस्टरचीच. खांद्यावरच्या बॅगेचं मऊ रेक्झिन, चार्जरची लवचीक वायर, शेजारच्या लोखंडी गजांवरचा ऑइलपेंट या वस्तूंचं घराणं मात्र वेगळं. आणि गंमत अशी की ही दोन्ही घराणी पनवेलच्या वेशीवरच नांदतात, एक पाताळगंगेला आणि दुसरं तळोजा एमआयडीसीत. त्याहून मोठी गंमत म्हणजे दोघांचा मूळपुरुष जवळजवळ एकच आहे!

त्याचं नाव झायलीन. षटकोनी बेन्झीनचं कडं घ्या, त्याच्या दोन कोपऱ्यांवर एकेक मिथिल गट बसवा, झालं झायलीन. कार्बनचे आठ अणू, हायड्रोजनचे दहा. आता हे दोन गट बसवायचे कुठे? शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर बसवले तर ऑर्थो, एक कोपरा सोडून बसवले तर मेटा, समोरासमोर बसवले तर पॅरा. अणू तेच, वजन तेच. मेटा उकळतो १३९ अंशांना, पॅरा १३८ अंशांना. आता करा वेगळे! पण पॅराचा रेणू इतका सममित आहे की त्याचे थरावर थर झकास बसतात आणि तो १३ अंशांनाच गोठतो. ऑर्थोला त्यासाठी उणे २५ लागतात, मेटाला उणे ४८. जानेवारीत पुण्याचा पारा दहावर उतरला की खिडकीत ठेवलेली पॅराची बाटली सकाळी दगड झालेली मिळेल आणि शेजारच्या दोन बाटल्या पाण्यासारख्या डुचमळत असतील.

पॅरापासून टेरेफ्थॅलिक आम्ल होतं आणि त्याचं पुढे पॉलिएस्टर. पाताळगंगेचा रिलायन्सचा कारखाना या धंद्यातला. ऑर्थोपासून होतं थॅलिक अनहायड्राइड. तळोज्याची आयजी पेट्रोकेमिकल्स तेच बनवते. रेक्झिन मऊ करणारी आणि ऑइलपेंटला अंग देणारी रसायनं होतात ती यापासूनच.

आता तळोज्यात काय करायचं असतं ते ऐका. ऑर्थो-झायलीनची वाफ हवेत मिसळायची आणि साडेतीनशे-चारशे अंशांवर तापवायची. एखादं तेल एवढ्या तापमानाला भरपूर हवेत सोडलं तर ते काय करेल? पेटेल. कार्बन डायऑक्साइड, पाणी, संपलं. झायलीनचा एक रेणू पुरता जळायला ऑक्सिजनचे साडेदहा रेणू लागतात. आपल्याला हवंय ते थॅलिक अनहायड्राइड मात्र तीन रेणूंतच तयार होतं. म्हणजे आग लावायची, हायड्रोजनचे नेमके सहा अणू जाळायचे, ऑक्सिजनचे तीन अणू नेमक्या जागी बसवायचे, आठही कार्बनना धक्का लावायचा नाही आणि तिथेच थांबायचं. तेही एखाद्या सेकंदाच्या आसपास, कारण वाफ नळीतून तेवढाच वेळ जाते.

ही आग थांबवतं कोण? संगजिरं भाजून केलेल्या छोट्या कड्यांवरचा एक पातळसा लेप.

कॅटॅलिस्ट म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारा आणि स्वतः न बदलणारा पदार्थ, असं आपण शाळेत घोकलं. ते खरंच आहे, पण त्यातली खरी करामत त्या व्याख्येत कुठेच येत नाही. वेग काय, नुसतं तापवूनही वाढतो. रेणूपुढे दहा वाटा असताना एकच मोकळी ठेवायची आणि बाकीच्या नऊ तशाच खडतर ठेवायच्या, हे उष्णतेला कधीच जमत नाही, कारण तापवलं की सगळ्याच वाटा एकदम सोप्या होतात. याला म्हणतात निवडकता. संशोधक रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप हिचाच.

त्या लेपात असतं व्हॅनेडियमचं ऑक्साइड, टायटॅनियमच्या ऑक्साइडवर बसवलेलं. व्हॅनेडियमचा थर किती? उत्तम काम करतो तो जवळपास एका रेणूच्या जाडीचा! खालचं टायटॅनियम ऑक्साइडही वाटेल ते चालत नाही. त्याचे अ‍ॅनाटेज आणि रुटाइल असे दोन स्फटिकप्रकार आहेत, अणू तेच, रचना तेवढी वेगळी. लेप बसतो अ‍ॅनाटेजवर, रुटाइलवर तसं काम होत नाही.

आणि तो ऑक्सिजन हवेतून थेट झायलीनला भिडतो असं तुम्ही समजत असाल, तर थांबा. व्हॅनेडियम स्वतःच्या जाळीतला ऑक्सिजन झायलीनला देऊन टाकतो. तिथे खड्डा पडतो आणि मग हवेतला ऑक्सिजन येऊन तो खड्डा भरतो. मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलेन या दोन डच शास्त्रज्ञांनी १९५४ साली व्हॅनेडियमवरच्या अशा क्रियांचे वेग मोजून हा हिशेब मांडला. पुढे याच जातीच्या ऑक्साइडांवर जड, म्हणजे जास्त वजनाच्या अणूंचा, ऑक्सिजन सोडून पाहिला, तर सुरुवातीला बाहेर पडणाऱ्या मालात चक्क साधा ऑक्सिजन निघाला. म्हणजे स्फटिकाच्या पोटातलाच. ज्याला आपण ‘न बदलणारा’ म्हणतो तो घन पदार्थ आतून सतत मोडत आणि पुन्हा घडत असतो. जाळीतला ऑक्सिजन मोजकाच असतो, हवेतला मात्र वारेमाप. क्रिया अर्ध्यावर थांबते ती या काटकसरीमुळे.

या धंद्याची सुरुवातही मोठी नाट्यमय आहे. १८९६ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीत ऑयगेन झापर नॅफ्थलीन म्हणजे आपल्या डांबरगोळ्यांचा माल तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवत होता. क्रिया काही केल्या पुढे सरकेना. सांगतात की तेवढ्यात थर्मामीटर फुटलं, पारा आत सांडला आणि क्रिया धावत सुटली! पारा कॅटॅलिस्ट निघाला. थॅलिक अनहायड्राइड स्वस्त झालं, त्यातून कृत्रिम नीळ दुसऱ्याच वर्षी बाजारात आली आणि काही वर्षांत हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचं कंबरडं मोडलं. एका फुटक्या काचनळीचा हिशेब बिहारच्या शेतांपर्यंत पोचला.

आता पॅराकडे वळू. तिन्ही झायलीन एकमेकांत बदलू दिले, तर शेवटी पॅराच्या वाट्याला जेमतेम पाव हिस्सा येतो आणि निम्म्याहून जास्त माल मेटाच असतो. म्हणून पॅरा काढून घ्यायचा, उरलेला माल पुन्हा कॅटॅलिस्टवरून फिरवायचा, परत पाव हिस्सा पॅरा तयार होऊ द्यायचा, असं चक्र चालतं. या चक्रात मोठी नासाडी व्हायची. दोन झायलीन एकमेकांना भिडून एकाचा मिथिल गट दुसऱ्यावर जाई आणि दोघेही कामातून जात.

तिथे आला झिओलाइट. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा हा स्फटिक आरपार बोगद्यांनी पोखरलेला असतो. मोबिल कंपनीने शोधलेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटच्या बोगद्याची रुंदी मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाच्या आसपास. बेन्झीनचं एक कडं कसंबसं मावेल एवढीच. पेठेतल्या अरुंद बोळातून शिडी सरळ धरली तर निघते, आडवी धरली की दोन्ही भिंतींना अडते. पॅराचे दोन्ही गट एका रेषेत, म्हणून तो सुळकन निसटतो. ऑर्थो आणि मेटा त्याच्या सुमारे हजारपट सावकाश सरकतात. कड्यावर एकच मिथिल गट असलेल्या टोल्युइनपासून झायलीन बनवताना याच युक्तीने बाहेर येणाऱ्या झायलीनमध्ये पॅराच बहुसंख्य ठेवता येतो. अडकून पडलेल्या बाकीच्या दोघांना आतल्या आत रूप बदलून पॅरा होणं आणि मग बाहेर पडणं एवढंच उरतं.

आणि ती नासाडी? तिची गोष्ट मला याहून भारी वाटते. गटांची अदलाबदल व्हायला दोन झायलीन क्षणभर एकमेकांना चिकटावे लागतात. तो जोडगोळीचा क्षण या बोगद्यात मावतच नाही. इथे अडवलं जातं ते एखाद्या पदार्थाला नव्हे, एका क्षणाला. जो रेणू कुठल्या बाटलीत कधी भरता आला नसता, त्याला जागा नाकारून माल वाचतो!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, पॉल रत्नसामी यांच्या चमूने याच कुळातले ‘एन्सिलाइट’ झिओलाइट घडवले आणि ऐंशीच्या दशकात त्यातला एक बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये झायलीनच्या या चक्रात कामाला लागला. पुण्यातच हे व्हावं यात मला एक गोड योगायोग दिसतो. सह्याद्रीचा काळा पाषाण निवताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्यांत नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढले. जगभरच्या संग्रहालयांत ते दिमाखात मांडलेले असतात. वाघोलीच्या खाणींत तर स्टिलबाइट या झिओलाइटवर कॅव्हनसाइट नावाच्या खनिजाचे गर्द निळे झुबके सापडतात. त्या निळाईचा धनी कोण? व्हॅनेडियम! तळोज्याचा आणि पाताळगंगेचा मिळून एकच दगड म्हणा ना.

सगळंच बोगद्यांच्या मापावर भागत नाही. बेन्झीनच्या कड्यावर नवा गट बसवणारी फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांची १८७७ सालची प्रसिद्ध क्रिया घ्या. औषधं, सुवासिक द्रव्यं यांच्यासाठी ती अजून लागते. त्यात कॅटॅलिस्ट म्हणून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड टाकतात, पण हवा असलेला कीटोन तयार झाला की तो त्यालाच घट्ट धरून बसतो. म्हणजे जेवढा माल, तेवढाच हा ‘कॅटॅलिस्ट’. मग सोडवायला पाणी ओतायचं, आम्लाच्या धुराचे लोट उठवायचे आणि चिखल नाल्याकडे पाठवायचा. याला कॅटॅलिस्ट म्हणायचं तरी कसं?

माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले गणपती यादव या गोष्टीच्या मागे लागले. त्यांच्या हातात होती एक जबरदस्त आम्लाची गोळी. टंगस्टनचे बारा अणू, मध्ये फॉस्फरसचा एक, भोवती ऑक्सिजनची जाळी. हे आम्ल सल्फ्युरिक आम्लाहून तिखट. अडचण एकच, ते पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये विरघळून वाहून जातं. त्याचा सीझियमबरोबरचा क्षार विरघळत नाही, पण त्याची पूड इतकी बारीक की गाळणीला दाद देत नाही. मग यादवांच्या गटाने काय करावं? मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या छिद्रांत आधी सीझियमचं द्रावण मुरवलं, वाळवलं आणि नंतर त्यावर आम्ल सोडलं. क्षार तयार झाला तो थेट छिद्रांच्या आतच, कण एवढाले की बाहेर पडता येऊ नये. क्रिया झाली की माती गाळून घ्या, धुवा, परत वापरा. त्यांच्या कॅटॅलिस्टांच्या एका मालिकेचं नाव संस्थेवरूनच पडलं, यूडीकॅट. २०१६ साली यादवांना पद्मश्री मिळाली.

मग आता जमत नाही असं काही उरलंय का? उरलंय, आणि तेही दिसायला अगदी किरकोळ. मिथेनच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू खोचायचा, की मिथेनॉल तयार. तळोज्यात दीपक फर्टिलायझर्सने नैसर्गिक वायूपासून मिथेनॉल बनवण्याचा कारखाना उभारला, पण या सरळ वाटेने नव्हे. अशा कारखान्यांत निकेलच्या कॅटॅलिस्टवर आठशे अंशांच्या वर वाफेबरोबर मिथेनचा पुरता चुरा करतात आणि मग तांबं-जस्ताच्या कॅटॅलिस्टवर प्रचंड दाबाखाली तो पुन्हा जोडतात. एक अणू बसवायला सगळं घर पाडून नव्याने बांधायचं! कारण मिथेनचा बंध मिथेनॉलच्या बंधाहून मजबूत. मिथेनला मोडेल एवढा जोर लावला, की तयार झालेलं मिथेनॉल आधी जळतं.

ही सरळ वाट पनवेलभोवतीच्या भाताच्या खाचरांत मात्र रोज चालू असते. चिखलातून वर येणारा मिथेन तिथले काही जीवाणू पकडतात आणि साध्या तापमानाला, साध्या दाबाला त्याचं मिथेनॉल करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत खाचरांतले असे जीवाणू वेगळे काढून वाढवलेही आहेत. या कामाचं त्यांचं प्रमुख विकर तांब्यावर चालतं आणि ते तांबं विकरात नेमकं कुठल्या खाचेत बसून काम करतं, यावर जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत.