डेम्लो संख्या : एका सतरा अंकी संख्येचे गणिती गुणधर्म

प्रस्तावना :
देवळाली (जि. नाशिक) येथील शालेय शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांचे नाव ६१७४ या स्थिरांकामुळे सर्वपरिचित आहे. त्यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. मुंबईजवळील डेम्लो या रेल्वेस्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. प्रस्तुत लेखात त्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे गुणधर्म व त्यांमागील कारणे स्पष्ट केली आहेत.

रचना :
ही संख्या ११११११११ नव्हे, तर नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय. कारण सोपे आहे. १११ चा वर्ग करताना १११ ही संख्या तीनदा, दर वेळी एक स्थान डावीकडे सरकवून मांडावी लागते. स्तंभांच्या बेरजा अनुक्रमे १, २, ३, २, १ येतात व उत्तर १२३२१ मिळते. नऊ ओळी मांडल्यास मधल्या स्तंभाची बेरीज ९ होते. म्हणूनच ही संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते.

अवयव :
१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. त्यामुळे तिच्या वर्गात ३ हा मूळ अवयव चार वेळा, तर ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होत.

हर्षद गुणधर्म :
स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे. ८१ ने भागल्यास १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येतो व बाकी शून्य उरते. १२१ च्या अंकांची बेरीज ४ असून तिने १२१ ला भाग जात नाही. पहिल्या नऊ वर्गांपैकी १, १२३२१ व प्रस्तुत संख्या या तीनच हर्षद ठरतात.

आकृतिबंधाची मर्यादा :
नऊ उदाहरणे पाहून हा क्रम पुढेही असाच चालेल, असे विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दहा वेळा १ लिहिल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तेथे ० मांडून हातचा १ डावीकडील ९ मध्ये मिळविला की पुन्हा १० होतात. दुसरा हातचा ८ मध्ये जाऊन ९ होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते व सममिती भंग पावते. प्रत्येक हातच्याने अंकांची बेरीज ९ ने घटते, म्हणून ती १०० ऐवजी ८२ भरते.

निष्कर्ष :
उदाहरणांची संख्या म्हणजे सिद्धता नव्हे. नियम का लागू पडतो हे कळले, तरच तो कोठे थांबेल हे सांगता येते. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर सतरा अंक मावत नाहीत. पिंपळगाव रेणुकाईच्या वर्गातही हा पडताळा वही-पेन्सिलीनेच घ्यावा लागेल. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या कापरेकरांचे बहुतेक संशोधन याच साधनांनी झाले, ही बाब ग्रामीण विद्यार्थ्यांपुढे आवर्जून मांडावयास हवी.