आधी सेवा, मग शब्द

प्रशांत महासागरात सामोआ नावाचा बेटांचा देश आहे. तिथं कुटुंब म्हणजे मोठा गोतावळा. त्याच्या प्रमुखाला म्हणतात मताई. हा मान थोरल्या मुलाला आपोआप मिळत नाही. भाऊबंद एकत्र बसून तो कुणाला द्यायचा ते ठरवतात. कुटुंबासाठी वर्षानुवर्षं कोण राबलं, हे त्यात पाहिलं जातं. ‘अधिकाराची वाट सेवेतून जाते’, अशा अर्थाची त्यांची म्हणच आहे.

गावाचे मताई खांबांच्या, बिनभिंतीच्या घरात बैठकीला बसतात. मतं मोजण्यापेक्षा एकमत होईपर्यंत बोलण्यावर भर असतो. बायका मताई कमीच. पण फियामे नाओमी मताआफा या मताई असलेल्या बाई २०२१ मध्ये देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.

आमच्या गटात एकदा आम्ही हात वर करून कर्जाचा ठराव उरकला. दारापाशी बसलेली एक ताई गप्पच होती. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. तिला विचारायचं आमच्याकडूनच राहिलं होतं. आता ठरावावर सह्या करण्याआधी आम्ही प्रत्येकीचं ऐकतो. अध्यक्षा सगळ्यात शेवटी बोलते. तुमच्या बैठकीत दारापाशी कोण बसतं?