कोऱ्या सर्व्हरमध्ये कार्यप्रणाली कशी येते?

शाळेच्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच कार्यप्रणाली, भरताना आपण पेनड्राइव्ह लावतो आणि पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देत बसतो. भाषा कोणती? डिस्कचे भाग किती? आता समजा, एका दालनात रॅकमध्ये पाचशे सर्व्हर रचले आहेत. त्यांना ना पडदा, ना कळफलक. फक्त जाळ्याची तार जोडलेली आहे. त्यांच्या प्रश्नांना उत्तरे कोण देणार?

त्याआधीची अडचण अधिक मजेदार आहे. जाळ्यातून काही आणायचे तर प्रोग्रॅम हवा, आणि डिस्क तर कोरी! किल्ली आत ठेवून कपाट लावून घेतल्यासारखेच हे झाले. म्हणून एक चिमुकला प्रोग्रॅम यंत्राच्या कायम स्मृतीत कारखान्यातच बसवलेला असतो. त्याचे नियम इंटेल कंपनीने पीएक्सई या नावाने ठरवले, त्यांची २.१ ही आवृत्ती १९९९ची.

यंत्र सुरू होताच हा प्रोग्रॅम जाळ्यावर हाळी देतो. स्वतःला पत्ता नाही, म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहितो, कोणाला विचारायचे ठाऊक नाही, म्हणून घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे 'ऐकतील ते सगळे'. ओळखीसाठी नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक सांगतो. डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो : हा तुझा पत्ता, अमक्या यंत्राकडे जा, तमकी फाइल माग.

फाइल आणण्याची मूळ रीत टीएफटीपी. ती अगदी साधी, म्हणूनच थोडक्या जागेत मावते. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवायचा नाही. वर्गात घालण्याजोगे गणित आहे : ३२ मेगाबाइटच्या फाइलीचे ६५,५३६ तुकडे होतात. दर फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी ६५ सेकंद लागतात, आणि तार कितीही रुंद केली तरी ते फारसे घटत नाहीत, कारण वेळ जातो तो वाट पाहण्यात. १९९५ मध्ये मोठ्या तुकड्यांची सोय नियमांत आली. शिवाय पहिला छोटा प्रोग्रॅम आणि कार्यप्रणालीचा गाभा तेवढा असा आणून बाकीचे जड सामान एचटीटीपीने आणण्याची पद्धत रुळली.

गाभा चालू झाला की तो उत्तरपत्रिका मागवतो. आपल्याकडे प्रश्नपत्रिका आधी येते. इथे उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात! रेड हॅटमध्ये तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रिसीड. डिस्कवरचे सर्व जुने भाग पुसा, ही आज्ञाही तीत एका ओळीत असू शकते, आणि ती पाळताना कोणी 'नक्की ना?' असे विचारत नाही. माहितीने भरलेला सर्व्हर चुकून या वाटेने सुरू झाला, तर माहिती गेली. आणखी एक गंमत : काम संपल्यावर 'आता स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो' असे सांगायचे राहिले, तर यंत्र पुन्हा हाळी देते आणि सारे पहिल्यापासून भरत बसते.

आमच्या मते खरा धोका त्या पहिल्या हाळीत आहे. उत्तर देणारा खरा की तोतया, हे ओळखण्याची सोय मूळ रीतीत नाही. पुढे आलेली सिक्युअर बूट ही व्यवस्था सुरुवातीच्या प्रोग्रॅमची आणि गाभ्याची सही तपासते. उत्तरपत्रिका मात्र त्या तपासणीत येत नाही. म्हणून जाणकार व्यवस्थापक हे सारे काम इतरांना शिरकाव नसलेल्या वेगळ्या जाळ्यावर करतात.