पिझ्झाच्या भट्टीसाठी एक पील घरी करा, दुसरं विकत घ्या

नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. तळ ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो, म्हणून चूक निस्तरायला वेळच नसतो. पिझ्झा आत सोडायला लाकडी पील, म्हणजे लांब दांड्याचं चपटं फावडं, उत्तम: ओलसर कणीक त्याला धातूपेक्षा कमी चिकटते. पुढची कड रंध्याने पातळ केलेली साधी फळी चालते. तिला वॉर्निश मात्र नको आणि प्लायवूडही नको. ‘एकच धातूचं पील का नको?’ असं कुणी विचारेल. चालतं, पण खाली जास्त पीठ भुरभुरावं लागतं. ते तळावर जळून कडवटपणा येतो. भोकं पाडलेलं पील पीठ गाळतं, तरी त्यावर पिझ्झा रचत बसता येत नाही.

आत पिझ्झा फिरवायला मात्र छोटं, गोल, धातूचंच पील हवं. लाकडाची कड तितकी पातळ ठेवली तर करपते, जाड ठेवली तर पिझ्झ्याखाली शिरत नाही. इथे पैसे खर्च करा. निखारे ओढायचं खोरं वेल्डरकडून साध्या लोखंडाचं करून घ्या. स्वस्त पडतं म्हणून जीआय पाइप वापरू नका. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळतं आणि निखाऱ्यांत त्याचा धूर विषारी ठरतो.