मासे जगले, मग कोळंबी का मेली?



आमचा बचत गट कोकणातला. शोभेचे मासे वाढवून विकतो. गेल्या वर्षी गटातूनच कर्ज घेऊन आम्ही आणखी एक काचेची टाकी मांडली. तिच्यात जावा मॉस आणि इतर पाणवनस्पती लावल्या, थोडे गप्पी मासे सोडले आणि 60 लाल चेरी कोळंब्या आणल्या. ही कोळंबी खायची नव्हे. ती गोड्या पाण्यातली, मूळची तैवान-चीनकडची आणि मोठी झाली तरी दोन-तीन सेंटीमीटरचीच. मादी अंडी पोटाखाली घेऊन फिरते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. हौशी लोक ही कोळंबी नगावर विकत घेतात.

तीन महिन्यांत 60 च्या 18 राहिल्या. गप्पी मात्र मजेत पोहत होते. खाणं टाकायचं काम गटातल्या सगळ्यांत लहान सुनेकडे होतं. बैठकीत तिलाच बोल लागले, "जास्त टाकलंस." ती काही बोलली नाही, पण पुढच्या बैठकीला आलीच नाही. हप्ता तर भरायचा होताच. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी कारण शोधायचं, मग बोट दाखवायचं.

पहिली गोष्ट म्हणजे मेलेली कोळंबी आणि टाकलेलं कवच यांतला फरक ओळखायचा. कोळंबी वाढते तशी कवच टाकते. ते पोकळ आणि पारदर्शक असतं. ते दिसलं तर घाबरायचं नाही, काढायचंही नाही, कोळंबीच ते खाते. मेलेली कोळंबी गुलाबी-पांढरट, अपारदर्शक दिसते. ती लगेच काढायची, नाहीतर कुजून पाणी बिघडतं.

मग आम्ही एकेक कारण तपासलं. खाणं जास्त पडलं की ते कुजतं आणि पाण्यात अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला नव्या टाकीत महिना-दीड महिना लागतो. आम्ही चाचणी संच आणून पाहिलं, अमोनिया नव्हता. म्हणजे सुनेचा दोष नव्हता. पहाटे कोळंब्या पाण्याच्या वर येतात का, तेही पाहिलं. वनस्पती रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट वापरतात, म्हणून हवेचा पंप रात्रभर चालू लागतो. आमचा चालू होता. डासांची अगरबत्ती, फवारा, भाजीवरचं कीटकनाशक यांतलं थोडंसुद्धा कोळंबीला पुरतं, कारण ती कीटकांच्याच गोतावळ्यातली. त्या खोलीत आम्ही यातलं काही वापरत नाही. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी मऊ असतं, त्यात चुन्याचा अंश कमी, म्हणून कवच टाकताना कोळंबी अडकते. पण तशी अर्धवट फाटलेली कवचं आम्हाला दिसली नाहीत.

शेवटी वही काढली. बचत गटाच्या बायकांना वहीची सवय असते, ती इथे कामाला आली. दर रविवारी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी बदलायचं, चौघींची आळीपाळीने पाळी. तारीख, पाळी आणि मेलेल्या कोळंब्या असे तीन रकाने शेजारी मांडले. तीनही वेळा मोठी मर एकाच पाळीनंतर दोन दिवसांत झाली होती. ती पाळी आमच्या काकूंची, म्हणजे गटातल्या सगळ्यांत नेटक्या बाईची!

आता काकूंना विचारायचं कसं? आम्ही चौघींनाही एकच प्रश्न विचारला, "पाणी कसं आणता, ते पहिल्यापासून सांगा." आमच्याकडे नळाला टीसीएल पावडर घातलेलं पाणी येतं. त्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून ते रात्रभर उघडं ठेवायचं, हे आम्हाला शिकवलं होतं. तिघी प्लास्टिकच्या टबात ठेवत. काकू म्हणाल्या, "मी तांब्याच्या हंड्यात ठेवते. चिंचेने लखलखीत घासून. माणसाला चांगलं ते त्यांनाही चांगलं."

इथे कोडं सुटलं. मऊ, किंचित आंबट पाणी रात्रभर तांब्यात राहिलं की तांब्याचा अंश पाण्यात उतरतो. घासून उघड्या पडलेल्या तांब्यातून आणखी उतरतो. सुपारीवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आपण मारतोच. बुरशीला मारतं ते त्यातलं तांबंच. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तातही तांबं असतं, आपल्या रक्तात लोह असतं तसं. पण पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं तिच्या कल्ल्यांना बाधतं. माशाला सहज सोसणारं प्रमाण तिला मारक ठरतं. म्हणूनच गप्पी जगले. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचल्याशिवाय औषध घालू नका.

खात्रीसाठी दोन बरण्या घेतल्या. नळाचं तेच पाणी, एकीत टबातलं, दुसरीत हंड्यातलं. दोन्हींत मॉस आणि दोन-दोन कोळंब्या. दुसऱ्या संध्याकाळी हंड्याच्या बरणीतल्या दोघी आडव्या पडल्या. तेवढं आम्हाला पुरे झालं.

उपाय सोपा, पण सावकाश करायचा. सगळं पाणी एकदम बदललं तर त्या धक्क्यानेही कोळंबी मरते. आम्ही टबातलं पाणी रोज थोडं थोडं, थेंबाथेंबाने सोडलं आणि गाळणीत सक्रिय कोळसा ठेवला. उरलेल्या 16 जगल्या. महिन्याभराने एकीच्या पोटाखाली अंडी दिसली. पिल्लं गप्पींच्या तोंडी पडू नयेत म्हणून गप्पी दुसऱ्या टाकीत हलवले.

काकू रडल्या. आम्ही म्हटलं, "काकू, तुम्ही नियम आमच्याहून जास्त पाळलात. भांड्याचं कुणी सांगितलंच नव्हतं." आणि सुनेच्या घरी आम्ही सगळ्या गेलो. बैठकीत बोललो होतो, म्हणून माफीही बैठकीतच मागितली. आता टाकीची वही तीच लिहिते. तिने चौथा रकाना वाढवलाय: पाणी कोणत्या भांड्यातलं.

तुमच्या टाकीत काही मेलं, कोंबडी आजारी पडली किंवा पापड बिघडले, तर आधी वही उघडा. कोणी केलं हे नंतर विचारा, कसं केलं हे आधी.